मेथीच्या लगद्याचा जर्मन ससा

गेले दोन महिने आमच्या स्वयंपाकघरात अंड्यांचे रिकामे ट्रे साठतायत आणि लेक रोज विचारते आई आज तरी फेकायचे का, आणि मी रोज नाही म्हणते. ते कशासाठी ते आज लिहिते. ईस्टरसाठी केलेल्या कागदी लगद्याच्या सशाचा फोटो टाकल्यावर तिघीचौघींनी कृती मागितली, मग म्हटलं एकदाच सगळं सविस्तर लिहून टाकावं.

सुरुवात झाली गेल्या वर्षी अ‍ॅडम्सटाऊनला. आम्ही पेनसिल्व्हेनियात लँकेस्टर काउंटीत राहतो, आणि या काउंटीच्या टोकाला अ‍ॅडम्सटाऊन नावाचं छोटंसं गाव आहे जे जुन्या वस्तूंच्या बाजारासाठी सगळ्या अमेरिकेत प्रसिद्ध आहे, रविवारी तिथे नुसती जत्रा असते. तिथे एका स्टॉलवर काचेच्या कपाटात एक ससा दिसला. वीतभर उंच, मळकट तपकिरी रंग, एका कानाचं टोक झिजलेलं, डोळे काचेचे, आणि मान धरून वर उचलली की डोकं अलगद निघतं आणि आत पोकळी. त्यात पूर्वी मुलांसाठी ईस्टरच्या गोळ्या भरून ठेवायचे. किंमत 185 डॉलर. मी खाली ठेवून दिला, पण ठेवायच्या आधी तळ बघितला तर जांभळट शाईत नुसतं 'जर्मनी' असा शिक्का. स्टॉलवाल्या काकांनी सांगितलं की 1891 पासून अमेरिकेत येणाऱ्या मालावर देशाचं नाव घालणं कायद्याने सक्तीचं झालं, म्हणून असा शिक्का असला की वस्तू त्यानंतरची, आणि 'वेस्ट जर्मनी' असेल तर ती दुसऱ्या महायुद्धानंतरची. असल्या माहितीचं मला भारी वेड, त्यामुळे तासभर तिथेच उभी.

पण खरी गोष्ट पुढची. त्यांनी तो ससा माझ्या हातात दिला तर तो अगदीच हलका लागला. आत बोट फिरवलं, खरखरीत. आणि मला एकदम मिरजेच्या घरातली आजीची कागदाची दुरडी आठवली.

ज्यांच्या घरी होती त्यांना लगेच कळेल मी कशाबद्दल बोलतेय. वर्षभराची रद्दी, वह्यांचे कागद, सगळं पाण्यात भिजत घालायचं, दोन-तीन दिवसांनी उखळात किंवा पाट्यावर वाटायचं, त्यात भिजवून वाटलेली मेथी घालायची, आणि तो लगदा एखाद्या पितळी पातेल्याच्या बाहेरून थापायचा. वाळला की पातेलं काढून घ्यायचं. झाली दुरडी. मेथीने लगदा चिकट होतो आणि कीडही लागत नाही असं आजी म्हणायची. तिच्या दुरडीत सांडगे, कुरडया, कधी लसूण असायचा, आणि पावसाळ्यात तिला मेथीचा वास यायचा. मी लहान असताना त्या वस्तूला काही किंमत आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. आणि इकडे तीच जात काचेच्या कपाटात, 185 डॉलरला.

घरी येऊन वाचत बसले. जर्मनीत थुरिंगिया भागात सोनेबर्ग म्हणून गाव आहे, तिथे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून कागदाच्या लगद्याची खेळणी आणि बाहुल्यांची डोकी बनायला लागली. त्याआधी लाकूड कोरून खेळणी करत, त्याला वेळ फार लागायचा. लगदा साच्यात दाबला की एकाच साच्यातून कितीतरी नग निघतात, आणि कच्चा माल म्हणजे काय तर जुने कागद, पीठ, सरस, खडू. घरोघरी बायका आणि मुलं बसून हे काम करायची आणि पैसे अगदी तुटपुंजे मिळायचे, हे वाचून वाईट वाटलं. म्हणजे आज ज्याला आपण 'व्हिंटेज' म्हणून एवढं डोक्यावर घेतो तो तेव्हाचा सगळ्यात स्वस्त माल होता! मग मला वाटायला लागलं की बाजारातला तयार प्लॅस्टिकचा ससा आणून त्याला जुना दिसेल असा रंग फासायचा, जे सध्या व्हिडिओंमध्ये सगळीकडे चाललंय, ते सोपं आहे खरं, पण हातात घेतलं की लगेच कळतं. वजन चुकतं, आवाज चुकतो, टिचकी मारली की प्लॅस्टिक प्लॅस्टिकसारखंच वाजतं. जुनं दिसायचं असेल तर जुन्या पद्धतीनेच करावं, आणि गंमत म्हणजे तेच स्वस्त पडतं.

आता ससा ईस्टरला कुठून आला असा प्रश्न आईने व्हिडिओ कॉलवर विचारला. तिचं म्हणणं बरोबर होतं, कारण मिरजेत मिशन हॉस्पिटलमुळे ख्रिस्ती वस्ती बरीच, माझी शाळेतली जवळची मैत्रीण त्याच भागातली, तिच्याकडे ईस्टर म्हणजे पहाटे उठून उपासनेला जाणं, नवे कपडे, आणि दुपारी आम्हाला जेवायला बोलावणं. ससाबिसा काही नव्हता. ससा चर्चमधून आलेलाच नाही, तो जर्मन लोकांच्या घरातून आला. 1682 मध्ये गेओर्ग फ्रांक फॉन फ्रांकेनाउ नावाच्या एका जर्मन वैद्याने लिहून ठेवलंय की आल्सास (आता फ्रान्समध्ये असलेला, जर्मन सीमेलगतचा प्रांत) आणि आसपासच्या भागात मुलांना सांगतात, ससा अंडी घालतो आणि बागेत गवतात लपवतो. तिकडून जे लोक अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियात आले, ज्यांना इथे पेनसिल्व्हेनिया डच म्हणतात पण ते मुळात जर्मनच, त्यांनी ही कथा सोबत आणली. मुलं आदल्या रात्री आपली टोपी नाहीतर बॉनेट (मुलींची बंद बांधायची टोपी) घरटं म्हणून कोपऱ्यात ठेवायची आणि सकाळी त्यात रंगीत अंडी. आमच्या शेजारच्या आजीबाई याच लोकांपैकी, त्यांच्या घरी अजून ते जुनं जर्मन बोलतात आणि सशाला 'ओश्टरहास' म्हणतात. मी लगद्याचा ससा करतेय म्हटल्यावर त्या इतक्या खूश झाल्या की आपले सगळे अंड्यांचे ट्रे आणून द्यायला लागल्या, म्हणून तर एवढा ढीग!

तर आता कृती.

अंड्याचे ट्रे कागदाचे घ्यायचे, फोमचे नाहीत. इथे 1940-50 च्या सुमाराला अमेरिकन कंपन्यांनी जे ससे काढले ते याच जातीच्या राखाडी लगद्याचे होते, त्यामुळे हा माल अगदी योग्य. डझनाचे तीन ट्रे बारीक फाडून कढत पाण्यात रात्रभर भिजवले. सकाळी मिक्सरमध्ये भरपूर पाणी घालून थोडं थोडं फिरवलं. पाणी कमी घातलंत तर मिक्सरची मोटर जळेल, हे खरंच लक्षात ठेवा, आणि शक्यतो जुना मिक्सर घ्या. मग पंच्यात घालून पिळायचं, पण अगदी कोरडं नाही, मुठीत दाबलं की गोळा राहील आणि एखादा थेंब सुटेल इतपत. असा साधारण दोन कप लगदा निघाला. त्यात अर्धा कप मैद्याची शिजवलेली खळ, पाव कप पांढरा शाळेचा गोंद, आणि दोन चमचे मेथी रात्रभर भिजवून बारीक वाटलेली. आजी चिंचोक्याची खळ घालायची, ती जास्त चिवट होते, पण इथे चिंचोके कुठून आणू. आपल्याकडे खळीला बुरशी लागू नये म्हणून मोरचूद घालायचे, ते विषारी, घरात मूल असताना मी हातही लावणार नाही, त्याऐवजी लवंग तेलाचे चार थेंब घातले. मळून कणकेसारखं करायचं, आणि झाकून फ्रिजमध्ये चार दिवस राहतं.

साचा फुकट मिळाला. ईस्टर झाला की दुसऱ्या दिवशी दुकानात चॉकलेटचे पोकळ ससे अर्ध्या किमतीत येतात, त्या खोक्यात ससा ज्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या खोबणीत बसवलेला असतो ना, ती खोबण म्हणजेच साचा! चॉकलेट लेकीने खाल्लं आणि खोबणी मी वर्षभर जपून ठेवल्या. आतून व्हॅसलीनचा पातळ हात फिरवायचा आणि लगदा कडेपासून आत दाबत जायचा, जाडी अर्ध्या सेंटीमीटरहून कमीच. कानाच्या टोकाला आणि नाकाला आधी बोटाने घट्ट दाबून भरायचं, तिथे हवा राहिली की वाळल्यावर खड्डा पडतो.

इथे माझी एक मोठी चूक झाली ती सांगते म्हणजे तुमचे चार दिवस वाचतील. माझ्याकडे होता तो ससा बाजूने दिसणारा, म्हणजे नाक डावीकडे. मी एकाच खोबणीतून दोन अर्धे काढले, वाळवले, आणि जोडायला घेतले तर एकाचं नाक दुसऱ्याच्या शेपटीवर. आरशातल्यासारखा उलटा अर्धा हवा होता आणि तो मिळणार कुठून. ते दोन्ही अर्धे शेवटी पुठ्ठ्यावर चिकटवून भिंतीवर लावले, आणि छान दिसतायत, पण ससा झाला नाही. मग दुसऱ्या खोक्यातली समोर तोंड करून बसलेल्या सशाची खोबण घेतली. त्याची मागची बाजू साधी गोल असते, म्हणून मागच्या अर्ध्यासाठी पुन्हा त्याच खोबणीतून नग काढला आणि ओला असतानाच चेहऱ्याचा भाग अंगठ्याने दाबून सपाट केला, पाय पुसून टाकले, एक गोळी शेपूट म्हणून लावली. अर्धे साच्यात एक दिवस, मग अलगद बाहेर काढून हीटरच्या बाजूला चार-पाच दिवस, रोज उलटायचे नाहीतर वाकतात. ओव्हनमध्ये घाई करू नका, तडा जातो.

जोड वर्तमानपत्राच्या बोटभर रुंद पट्ट्या खळीत बुडवून लावायचा. पट्टी कापायची नाही, फाडायची, फाडलेल्या कडा एकमेकींत मिसळून जातात, कापलेली कड रंगाखालून उठून दिसते. डोकं निघणारं करायचं असेल तर पूर्ण वाळल्यावर मानेशी बारीक करवतीने कापून दोन भाग करायचे आणि धडात टॉयलेट रोलची पुठ्ठ्याची नळी दोन सेंटीमीटर वर येईल अशी चिकटवायची, डोकं तिच्यावर बसतं. जर्मन सशांच्या मानेत अशीच पुठ्ठ्याची नळी असते, मी अ‍ॅडम्सटाऊनला नीट बघून घेतलं होतं.

नंतर खडूचा हात. जुन्या वस्तूंवर रंगाखाली खडू आणि सरसाचा पांढरा थर असतो आणि त्या मऊ, पावडर लावल्यासारख्या दिसण्याचं कारण तो थरच. मी डॉलर ट्री या स्वस्त वस्तूंच्या दुकानातून खडूचा खोका आणला, सव्वा डॉलर, खलबत्त्यात कुटून वस्त्रगाळ पूड केली आणि गोंद-पाण्यात दह्यासारखी कालवून तीन पातळ हात दिले. प्रत्येक हात वाळल्यावर बारीक पॉलिश पेपर. मग रंग. इथे एकच सांगते, नळीतला रंग जसाच्या तसा लावू नका. तपकिरीत थोडा पिवळा, पांढऱ्यात थेंबभर तपकिरी, गुलाबीत थोडा राखाडी, म्हणजे डोळ्याला टोचत नाही. डोळ्यांना काळ्या काचेच्या डोक्याच्या टाचण्या, मिशांना जुन्या ब्रशचे केस.

आणि आता जुनं दिसण्याबद्दल, कारण यात लोक सगळ्यात जास्त बिघडवतात. सगळ्या वस्तूवर सारखंच तपकिरी पाणी फासायचं, सगळीकडे पॉलिश पेपर घासायचा, नाहीतर शिंतोडे उडवायचे, आणि मग ती वस्तू जुनी नाही, मळलेली दिसते. खरी जुनी वस्तू कशी झिजते ते बघा ना. आजीची दुरडी काठाला झिजली होती, जिथे तिचा अंगठा यायचा तिथे. सशाचे कान झिजतात कारण मूल कानाला धरून उचलतं. नाकाचं टोक, तळाची कड, पाठीचा फुगवटा, मानेची जोड, एवढ्याच जागा. रंग उडतो तो एका बाजूचा, कारण कपाटात उन्हाकडे तीच बाजू असते. आणि मळ साठतो खाचेत, कानाच्या आत, पायाच्या बोटांमध्ये, तिथे कोणाचं फडकं पोचत नाही. मी गडद तपकिरी रंग खूप पाणी घालून फक्त खाचांत सोडला आणि लगेच ओल्या फडक्याने वरचा पुसून घेतला, आणि कानांना रंग वाळल्यावर पॉलिश पेपरचे चार हात, बस. लेकीला विचारलं हा ससा कुठे धरशील, तिने जिथे धरला तिथेच घासलं.

तळाला मी जर्मनीचा खोटा शिक्का घातला नाही. काहीजणी इंटरनेटवरून शिक्क्याचं डिझाइन घेऊन तसा घालतात, मला ते अजिबात पटत नाही. उद्या ही वस्तू कोणाच्या तरी हातात जाईल आणि ते फसतील. मी माझं नाव, 2026, आणि लँकेस्टर असं पेन्सिलने लिहिलं, मराठीत.

सशाबद्दलच एवढं लिहून झालं, बाकीच्या गोष्टी आता भराभर सांगते.

दोन भागांत उघडणारं अंडं, तेही गोळ्या भरायचं. डॉलर ट्रीमध्ये प्लॅस्टिकची उघडणारी अंडी डझनाने मिळतात. प्रत्येक अर्ध्यावर बाहेरून व्हॅसलीन, मग वर्तमानपत्राचे खळीत बुडवलेले तुकडे, सहा थर, एक थर इंग्रजी पेपर आणि एक थर मराठी जुन्या दिवाळी अंकाचा लावला की कुठला थर कुठपर्यंत आला ते अक्षरांवरून कळतं. वाळल्यावर प्लॅस्टिक काढून टाकायचं. आतून पातळ क्रेप पेपर, बाहेरून खडूचा हात आणि फिकट निळा किंवा लोणी रंग. जुन्या अंड्यांवर कडेने सोनेरी उठावाची कागदी पट्टी असते, ड्रेस्डेनची म्हणून ती ओळखली जाते, 1880 ते 1910 च्या काळातली अस्सल पट्टी आता फार महाग. लोक केकखालच्या कागदी जाळीची कड कापून सोनेरी रंगवतात, तेही चालतं. पण माझ्याकडे त्याहून चांगलं निघालं, लग्नपत्रिका! भारतातून येताना प्रत्येक वेळी दोन-चार पत्रिका सामानात येतात, टाकवत नाहीत, आणि त्यांच्या कडेला तर अगदी तशीच सोनेरी उठावाची वेलबुट्टी असते. गणपतीचं चित्र आधी नीट कापून देवघरात ठेवलं, नावांचा भाग वेगळा जपून ठेवला, आणि फक्त कडेची वेल घेतली. माझ्या मावसभावाच्या लग्नाच्या पत्रिकेची कड आता एका निळ्या अंड्याला आहे, आणि ज्याला दाखवते तो विचारतो ही ड्रेस्डेनची पट्टी कुठून मिळवलीस.

चमकी प्लॅस्टिकची वापरू नका, ती सगळीकडून सारखीच चमकते आणि घरभर होते. पूर्वी काचेची किंवा अभ्रकाची चमक असायची, विस्कळीत, मंद. काच घरात नको, म्हणून मी जाडं एप्सम मीठ गोंदावर शिवरलं, लांबून दवासारखं दिसतं. दमट हवेत मात्र हे टिकणार नाही, मुंबई-कोकणात करणार असाल तर अभ्रकाची भुकटीच घ्या.

कागदाचं मधमाश्यांच्या पोळ्यासारखं उघडणारं अंडं मला करायचंच होतं कारण ते तर आपल्या गणपतीच्या मखरातलं! लहानपणी पतंगाच्या कागदाचे ते उघडणारे गोळे आम्ही बाजारातून आणायचो आणि विसर्जनानंतर मिटून पुढच्या वर्षाला ठेवायचो. इथे कळलं की अमेरिकेत हा प्रकार ज्या कंपनीने घराघरांत नेला ती बाइसल कंपनी आमच्याच राज्यात शिपेन्सबर्गला आहे, 1900 साली सुरू झालेली. घरी करायचं तर पतंगाच्या कागदाचे सारखे तीस-पस्तीस तुकडे घ्या. खाली मार्गदर्शक म्हणून एका पांढऱ्या कागदावर आडव्या रेघा मारा, दोन-दोन सेंटीमीटरवर, आणि त्यांना आळीपाळीने लाल-निळा रंग द्या. पहिल्या तुकड्यावर लाल रेघांवर गोंदाची बारीक रेघ, वर दुसरा तुकडा, आता निळ्या रेघांवर, असं करत जायचं. गोंद काडीने अगदी कमी लावा, जास्त झाला की खालच्या थरात उतरतो आणि सगळं एकच वडी होऊन बसतं, माझ्या पहिल्या दोन वड्याच झाल्या. वाळल्यावर अर्ध्या अंड्याचा आकार कापायचा, सरळ बाजू रेघांना काटकोनात यायला हवी, त्या बाजूने सुईदोऱ्याने शिवायचं, दोन्ही टोकांना पुठ्ठा लावायचा, आणि उघडून टोकं एकमेकांना जोडायची. पहिलं नीट उघडलं तेव्हा आम्ही मायलेकी दोघी ओरडलो.

लोकरी तारेची पिल्लंही केली, सव्वा डॉलरच्या पाकिटात वीस होतात, ती करायला काही सांगायची गरज नाही. फक्त चोच नारिंगी कागदाची करा, प्लॅस्टिकची नको.

शेवटी कांद्याच्या सालीची अंडी, यांना तर शून्य खर्च. पेनसिल्व्हेनिया डच लोक अंडी कांद्याच्या सालीत उकडून गडद तांबूस करायचे आणि मग त्यावर टोकदार चाकूने खरवडून ट्यूलिप, पक्षी, मुलाचं नाव आणि वर्ष लिहायचे. दहा-बारा कांद्यांची साल, दोन चमचे व्हिनेगर, अंडी बुडतील एवढं पाणी, आणि मंद आचेवर वीस मिनिटं, मग त्याच पाण्यात रात्रभर. शेजारच्या आजीबाईंनी त्यांच्या आईचं अंडं दाखवलं, ते आतून केव्हाच सुकून गेलंय, हलवलं की आत बारीक खडखड होते. त्यावर साधं फूल आणि खाली वर्ष. त्यांनी ते मला हातात धरू दिलं याचं मला फार वाटलं, मी श्वास रोखून बसले होते.

मी काय कोरावं ते सुचेना, ट्यूलिप माझं नव्हे. आईला फोन केला तर ती म्हणाली, "अगं चैत्र लागलाय, चैत्रांगण काढ की." पाडव्यानंतर तृतीयेपासून ती अजून रोज दारात चैत्रांगण काढते. पण लगेच म्हणाली, "शंख-चक्र, पावलं, असलं काही अंड्यावर नको हं. केळ काढ, आंब्याची डहाळी काढ, मोर काढ." तेवढंच काढलं. दाभणाने खरवडलं की तांबड्याखालून पांढरी रेघ उमटते, अगदी रांगोळीसारखीच, हात न थांबवता ओढावी लागते. पाच अंडी झाली, एक फुटलं. ती आम्ही खाणार नाही, ठेवणार, म्हणून बाहेरच वाळत ठेवलीत. खायची असतील तर उकडून गार झाल्या झाल्या फ्रिजमध्ये.

यंदा, म्हणजे 2026 मध्ये, ईस्टर 5 एप्रिलला आहे. वसंतातल्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार असा त्याचा हिशोब असतो, आणि यंदा ती आपली चैत्री पौर्णिमाच, म्हणजे हनुमान जयंती गुरुवारी 2 तारखेला आणि रविवारी ईस्टर. दरवर्षी असं जुळत नाही, 2024 मध्ये होळीची पौर्णिमा धरली गेली होती. आजीबाईंना हे सांगितलं तर त्यांनी कॅलेंडरवर दोन्हींची नावं लिहून घेतली.

सगळ्याचा खर्च मोजला, अकरा डॉलर आणि काही सेंट, त्यात गोंद आणि रंग पुढच्या वर्षीपर्यंत पुरतील एवढे उरलेत. सशाचं डोकं काढून आत काय भरायचं यावर घरात चर्चा झाली, जेली बीन्सच्या गोळ्या आणायच्या ठरल्या होत्या, पण पाडव्याच्या गुढीची साखरेची गाठी डब्यात तशीच होती, लेकीने तिचे तुकडे करून भरले आणि डोकं बसवलं. पहिला ससा आजीबाईंना रविवारी सकाळी द्यायचाय. दुसरा अजून हीटरपाशी वाळतोय, त्याचा एक कान जरा वाकलाय, आणि सकाळी खोलीत गेलं की मेथीचा वास येतो.